मांजरेवरची बोट

आधीच सांगून टाकते, माझं मराठी जरा कच्चं आहे. पहिली ते दहावी लातूरला कॉन्व्हेंटमध्ये गेली. तिथे मराठीचा एकच तास, आणि त्या तासालाही आम्ही मराठीची उत्तरं रोमनमध्ये लिहून पाठ करायचो! त्यामुळे 'मराठी विभागाला लेख कमी पडायलेत, काहीतरी दे' असं आमच्या सीनियरने सांगितलं तेव्हा मी दोन दिवस तिच्या समोरच गेले नाही. मग ठरवलं की द्यायचाच. विषय माझ्या डोक्यात वर्षभर घोळतोय आणि तो इंग्रजीत लिहिला तर आमच्या अण्णांना (म्हणजे आजोबांना) वाचता येणार नाही. आणि हा लेख मुळात त्यांच्याच एका प्रश्नावरून सुचलाय.

सुरुवात आठवीच्या इंग्रजीच्या पुस्तकापासून करते. त्यात एक चित्र होतं. रुंद नदी, दोन धुराडी असलेली पांढरी तिमजली बोट, आणि मागे घराएवढं मोठं लाकडी चाक. खाली लिहिलेलं, मिसिसिपी. मला ते चित्र इतकं आवडलं की मी पान फाडून वहीत ठेवलं (सॉरी टीचर). त्या बोटीत माणसं रात्री झोपायची. संध्याकाळी एका गावाहून निघायचं, जेवायचं, झोपायचं, आणि सकाळी उठलं की खिडकीत दुसरं गाव. लातूरच्या पोरीला हे म्हणजे परीकथाच! आमच्याकडे रात्री झोपून सकाळी दुसऱ्या गावात उठायचं तर ते फक्त मुंबई एक्स्प्रेसने.

पुढे कळलं की मार्क ट्वेन हा लेखक आधी त्या बोटींवर पायलट होता, आणि त्याचं ते नावसुद्धा खरं नव्हे. बोटीच्या नाळेवर उभा असलेला खलाशी दोरीला शिसं बांधून पाण्याची खोली मोजायचा आणि ओरडायचा, 'मार्क ट्वेन!' म्हणजे दोन फॅदम, बारा फूट पाणी आहे, चला, धोका नाही. हे वाचून मला तेव्हा फक्त गंमत वाटली होती. नदीवरच्या बोटीची सगळी गोष्ट त्या दोन शब्दांत आहे हे कळायला आणखी सहा वर्षं लागली.

आता थोडं आपल्या सब्जेक्टमधलं. चाकाची बोट का? तर नदी उथळ असते. प्रोपेलर पूर्ण पाण्यात बुडालेला लागतो, चाकाचं तसं नाही. चाकाचा थोडाच भाग पाण्यात जातो, फळ्या पाणी मागे ढकलतात, बोट पुढे जाते. गाळात रुतलं तर फळी मोडते, ती सुतार बदलतो. खोल पाण्यात मात्र प्रोपेलरच भारी. १८४५ साली इंग्रजांच्या आरमाराने 'रॅटलर' ही प्रोपेलरची आणि 'अलेक्टो' ही चाकाची अशा दोन बोटी पाठीला पाठ बांधून रस्सीखेच लावली, आणि रॅटलरने अलेक्टोला चक्क मागे ओढत नेलं. समुद्रावर चाक हळूहळू मागे पडत गेलं. नद्यांवर मात्र ते पुढे शंभर वर्षं टिकलं. आपल्या शेजारी बांगलादेशात ढाक्याहून बरिसालकडे रात्रीची 'रॉकेट' स्टीमर कितीतरी वर्षं जायची. त्यातली 'पी. एस. महसूद' १९२८ सालची. म्हणजे ज्या बोटीचं चित्र मी फाडलं, तिच्या नात्यातल्या बोटी परवापरवापर्यंत आपल्याच उपखंडात माणसं झोपवून नेत होत्या.

तर मागच्या वर्षी आपल्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये 'आपल्या भागासाठी आयडिया' अशी स्पर्धा होती. आम्ही चौघींनी टीम केली आणि प्रोजेक्ट टाकला, 'गोदा विलास'. विष्णुपुरीच्या जलाशयातून निघणारी, चोवीस खाटांची, एका रात्रीची क्रूझ. सचखंड गुरुद्वाऱ्याला देशभरातून भाविक येतात, त्यांना एक रात्र गोदावरीवर मुक्काम, सकाळी डेकवर चहा, कीर्तन वगैरे. मी ऑटोकॅडमध्ये बोट काढली. मागे चाक! ते चाक फिरतं दाखवायला मी दोन रात्री जागले. आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी इंजिन विचारलं, खर्च विचारला, तिकीट विचारलं, चाकाला टाळ्यासुद्धा मिळाल्या.

नाव अर्थातच चोरलेलं. 'एम. व्ही. गंगा विलास' सगळ्यांना आठवत असेल. १३ जानेवारी २०२३ ला वाराणसीहून निघाली आणि बांगलादेशातून फिरून २८ फेब्रुवारीला दिब्रुगडला पोचली. ठरलेला प्रवास ५१ दिवसांचा, ३,२०० किलोमीटरचा. लांबी ६२ मीटर, रुंदी १२ मीटर, १८ खोल्या, ३६ प्रवासी. पहिल्या फेरीला ३२ स्विस पाहुणे होते. तिकीट ऐकून माझ्या पप्पांनी पेपर खाली ठेवला होता. आम्ही प्रेझेंटेशनमध्ये हे सगळे आकडे टाकले, पण एक आकडा स्लाइडच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात राहिला. ड्राफ्ट १.४ मीटर. म्हणजे ही बोट पाण्याखाली एवढी बुडते. ती निघाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशीच छपऱ्याजवळ काठाचं पाणी उथळ म्हणून प्रवाशांना छोट्या होड्यांनी चिरांद बघायला न्यावं लागलं. बोट अडकली अशा बातम्या आल्या, जलमार्ग प्राधिकरणाने अडकली नाही असं सांगितलं. अडकली की नाही हा वाद बाजूला ठेवा. गंगेसारख्या गंगेतसुद्धा जानेवारीत दीड मीटरची काळजी करावी लागते, हे मला पुरेसं आहे.

बक्षीस घेऊन मी दिवाळीला गावी गेले. आमचं गाव निलंगा तालुक्यात, मांजरेच्या काठाला. अण्णांना लॅपटॉपवर बोट दाखवली. चाक फिरतंय, डेकवर छोटी छोटी माणसं. अण्णांनी चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "बोट ब्येस हाय. पण एप्रिलात कशी चालवणार गं पोरी? रेल्वेत घालून?"

मम्मी हसली, पप्पा हसले. मी नाही हसले. कारण मला एकदम तो २०१६ चा एप्रिल आठवला.

तेव्हा मी दहा वर्षांची. आमच्या लातूरमध्ये पाणी संपलं होतं. 'कमी पडलं' म्हणत नाही, संपलं होतं. शहराला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलेलं. टाक्यांजवळ भांडणं होतील म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लावली होती, पाण्यासाठी कलम १४४! आमच्या गल्लीत टँकर आला की शाळेचा अभ्यास सोडून सगळ्या पोरी बादल्या घेऊन पळायच्या. मी कॉन्व्हेंटची असल्यामुळे रांगेत "एक्सक्यूज मी" म्हणायचे आणि माझा नंबर जायचा. मग शेजारच्या काकूंनी मला शिकवलं, "एक्सक्यूज मी न्हाई म्हणायचं, कोपर लावायचं." अंघोळीचं पाणी परातीत उभं राहून साठवायचं, त्याने फरशी पुसायची, आणि राहिलेलं संडासात. मम्मीने त्या उन्हाळ्यात माझे केस कापून टाकले, धुवायला पाणी नको म्हणून. मला अजून त्याचा राग आहे. ती म्हणते, मलाही आहे.

आणि मग ती रेल्वे आली. 'जलदूत'. मिरजेहून कृष्णेचं पाणी भरून सव्वातीनशेच्या वर किलोमीटर. पहिल्या गाडीला दहा टँकर वॅगन, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, एकूण पाच लाख लिटर. नंतर पन्नास वॅगनची गाडी यायला लागली, पंचवीस लाख लिटरची. आम्ही पप्पांच्या स्कूटरवरून ती बघायला स्टेशनला गेलो होतो, जत्रेला जातात तसे. पहिली गाडी लातूरला पोचली ती मंगळवारी, १२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे.

ही तारीख लक्षात ठेवा.

अण्णांच्या प्रश्नाने मी चिडले होते. त्यांना उत्तर द्यायचंच म्हणून हॉस्टेलवर परत आल्यावर मी नद्यांचे जलमार्ग, कायदे वगैरे शोधायला लागले. आणि मला सापडलं की आपल्या देशात 'राष्ट्रीय जलमार्ग कायदा, २०१६' आहे. त्यात १११ नद्या, खाड्या आणि कालव्यांना राष्ट्रीय जलमार्ग म्हणून जाहीर केलंय. आपली गोदावरी त्यात आहेच. राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ४ हा आधी भद्राचलम-राजमहेंद्रीपर्यंत होता, तो या कायद्याने पार नाशिकपर्यंत वाढवला. म्हणजे विष्णुपुरीच्या जलाशयाकडे तुम्ही बघता तेव्हा राष्ट्रीय जलमार्गाकडे बघत असता. माहीत होतं का कुणाला? मला नव्हतं.

पुढे यादीत इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने नावं आहेत. ६८ वर गोव्याची मांडवी. तिथे ठीक आहे, पणजीला रोज संध्याकाळी क्रूझ निघते, गाणी लावतात, लोक नाचतात. ७२ वर नागपूरची नाग नदी! नागपूरच्या आमच्या क्लासमेटला हे सांगितलं तर तो दहा मिनिटं हसत होता, कारण ती नदी तिथले लोक नाला म्हणूनच ओळखतात. आणि मधे, ७० वर, मांजरा. तेलंगणातल्या सिंगूर धरणापासून गोदावरीच्या संगमापर्यंत, सुमारे २४२ किलोमीटर. लातूर शहराच्या बरंच खाली, पण नदी तीच. गंमत म्हणजे या २४२ किलोमीटरच्या मधोमध निजामसागर धरण आहे, १९२३ ला सुरू होऊन १९३१ ला पूर्ण झालेलं. जलमार्गाच्या रस्त्यात धरणाची भिंत आडवी! बोटीने भिंतीवरून उडी मारायची की काय?

पण मी हसायचं थांबले ते पुढचं वाक्य वाचून. हा कायदा अमलात कधी आला? १२ एप्रिल २०१६.

मी तारीख तीनदा तपासली. ज्या पहाटे लातूरच्या लोकांना प्यायला पाणी म्हणून रेल्वे आली, त्याच दिवशी दिल्लीत मांजरा राष्ट्रीय जलमार्ग झाली. कुणी मुद्दाम केलं नाही हे मलाही कळतं. कायद्याची तारीख एका टेबलावर ठरली, रेल्वेची दुसऱ्या टेबलावर. माझा राग त्याचाच आहे. एकाच सरकारी कॅलेंडरवर दोन चौकटींत नव्हे, एकाच चौकटीत या दोन गोष्टी बसल्या आणि कुणालाच त्या शेजारीशेजारी दिसल्या नाहीत.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी धो धो पाऊस पडून मांजरा धरण भरलं, काठच्या गावांत पूर आला. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तर मराठवाड्यात काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. विष्णुपुरीचे दरवाजे उघडल्याचे मेसेज रोज ग्रुपवर यायचे. आपली नदी अशी आहे. चार महिने तिच्यात बोट घालायची हिंमत होत नाही आणि नंतर बोट घालायला पाणी उरत नाही. मधे ऑक्टोबर ते फार तर फेब्रुवारी एवढी खिडकी.

आता कुणी म्हणेल, बंधारे आहेत ना! आहेत. जायकवाडीच्या खाली ढालेगाव, मुदगल, दिग्रस, मग आपलं विष्णुपुरी, पुढे आमदुरा, बाभळी. पाणी अडवलेलं असतं, तळी भरलेली दिसतात. पण या तळ्यातून त्या तळ्यात बोट जाणार कशी? त्यासाठी लॉक लागतो. लॉक म्हणजे दोन दारांची मोठी हौद समजा. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, हौदातलं पाणी पुढच्या पातळीला आणायचं, पुढचं दार उघडायचं. यात पंपसुद्धा लागत नाही, पाणी आपलं आपण खाली जातं. मिसिसिपीच्या वरच्या भागात अशी २९ ठिकाणं आहेत आणि त्यांनी नऊ फूट खोलीचा मार्ग राखलाय. नदीचा त्यांनी जिनाच केलाय. गंगा विलास कोलकात्याला गेली ती फरक्क्याच्या लॉकमधून. आपल्याकडे बंधारे बांधताना डोळ्यासमोर शेती आणि पिण्याचं पाणी होतं, बोट कुणाच्या डोक्यातच नव्हती. त्यात चूक काय? काहीच नाही. पण मग त्याच नदीला राष्ट्रीय जलमार्ग म्हणायचं कशाला?

बाभळीचं तर आणखी वेगळं. माझी रूममेट धर्माबादची आहे, तिला हे तोंडपाठ आहे. सुप्रीम कोर्टाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालाप्रमाणे १ जुलै ते २८ ऑक्टोबर बाभळीचे चौदाही दरवाजे उघडे ठेवायचे, पाणी तेलंगणात जाऊ द्यायचं. म्हणजे पाणी असतं तेव्हा ते अडवायचं नाही. दरवाजे लावल्यावर जे काय उरतं ते २.७४ टीएमसीच्या आत, आणि त्यातलंही ०.६ टीएमसी १ मार्चला खाली सोडायचं. इथे थेंबाथेंबावर कोर्टाची तारीख आहे. आणि मी त्यात चाकाची बोट काढत होते.

हे वेड माझं एकटीचं नाही, एवढं मात्र समाधान आहे. गोदावरीतून बोटी वर आणायचं स्वप्न दीडशे वर्षांपूर्वी फार मोठ्या माणसांनी बघितलंय. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमचा बंधारा बांधणारे सर आर्थर कॉटन. त्यांचं म्हणणं, या देशाला रेल्वेपेक्षा जलमार्ग परवडतील. वऱ्हाड-वर्ध्याचा कापूस प्राणहिता आणि गोदावरीतून थेट समुद्रावर न्यायचा. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस हवा होता, पैसा मंजूर झाला. नदीत खडकाळ धबधबीचे तीन मोठे अडथळे होते, त्यातला तिसरा आपल्या गडचिरोलीत प्राणहितेवर, देवलमरीजवळ. ते ओलांडायला कालवे आणि लॉक बांधायला घेतले. सिरोंचा हे त्या वेळी 'अप्पर गोदावरी' जिल्ह्याचं मुख्य ठिकाण. तिथल्या डेप्युटी कमिशनर ग्लासफर्डच्या नावाचं ग्लासफोर्डपेठा हे गाव आजही सिरोंचा तालुक्यात आहे. पण १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. कापूस दोन-तीन दिवसांत मुंबईला जायला लागला. मग वर्षातून काही महिनेच पाणी असणाऱ्या नदीची वाट कोण बघणार? १८७१ मध्ये काम थांबलं. म्हणजे तेव्हाही रेल्वेनेच बोटीला हरवलं. अण्णांनी इतिहास वाचलेला नाही, पण प्रश्न बरोबर तोच विचारला.

याच गोदावरीवर खाली मात्र रात्रीचा मुक्काम आहे, आणि तो मी केलाय. आमची बोट दुसरी आली म्हणून पप्पा खूश होते, त्यांनी डिसेंबरात सगळ्यांना पापीकोंडलूला नेलं. नांदेडहून संबलपूर एक्स्प्रेस, राजमहेंद्रीला उतरायचं, तिथून गंडी पोचम्मा देवळाच्या घाटावर बोट. दोन्ही बाजूंना डोंगर आणि मधून नदी. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय चढू देत नाहीत. ते का, हे पुढे सांगते. दुपारी बोटीवरच जेवण, पेरंटापल्लीला उतरून देऊळ, काठावर बांबूत शिजवलेलं चिकन, आणि रात्री काठावरच्या बांबूच्या झोपड्यांत मुक्काम. नदीवर झोपायचं माझं स्वप्न अर्धं पुरं झालं असं म्हणते, कारण बोटीत नाही, पण तिच्यापासून वीस पावलांवर झोपले. रात्री इंजिन बंद. पाण्याचा आवाज येत नाही, फक्त थंडी येते. अण्णा बाहेर येऊन कितीतरी वेळ बसले होते. म्हणाले, "ही आपलीच गोदावरी व्हय?" मी म्हटलं, हो अण्णा. पण ते अर्धंच खरं आहे. तिथलं बहुतेक पाणी प्राणहिता, इंद्रावती, शबरी यांचं. आपल्या वाटचं पाणी आपल्याच दारांमागे थांबलेलं असतं.

लाइफ जॅकेटचं कारण असं. १५ सप्टेंबर २०१९ ला याच वाटेवर कच्चुलूरूजवळ 'रॉयल वशिष्ठ' नावाची बोट उलटली. नदीला पूर होता, प्रवाह जवळपास पाच लाख क्युसेक. बोटीत सत्तरच्या वर माणसं. चाळीसहून जास्त गेली. जी सव्वीस वाचली, ती काठच्या गावकऱ्यांनी आपल्या होड्या घालून काढली. बोट दोनशे फुटांच्या खाली गेली होती. ती महिनाभराने, ऑक्टोबरात, काकीनाड्याच्या धर्माडी सत्यम यांच्या माणसांनी दोर आणि लंगर लावून ओढून काढली. त्यानंतर दोन वर्षं तिथली सफर बंद होती. आम्ही त्या जागेवरून गेलो तेव्हा बोटीवरची गाणी वाजतच होती. माझ्या मनात आलं, आमच्या 'गोदा विलास'च्या बत्तीस स्लाइडमध्ये लाइफ जॅकेटची एकही स्लाइड नव्हती. कीर्तनाच्या दोन होत्या.

हॉस्टेलवर यावरून आमचं जोरदार भांडण झालं. रूममेट म्हणते, तू आता उलट्या टोकाला गेलीस. नांदेडला एवढे लोक येतात, माथा टेकतात आणि दुसऱ्या गाडीने परत जातात. एक रात्र थांबले तर रिक्षावाला, हॉटेलवाला, भोई समाजाची पोरं, सगळ्यांना दोन पैसे मिळतील. 'पाणी नाही, पाणी नाही' म्हणून मराठवाड्याने काहीच करायचं नाही का? तिचं म्हणणं मला खोडता आलं नाही. २००८ च्या गुरू-ता-गद्दी सोहळ्यासाठी नांदेडचे घाट किती छान झाले, तेव्हाही कुणीतरी 'कशाला' म्हटलंच असेल.

म्हणून माझं मत सरळ सांगते. बोट हवी. पण रात्रीच्या मुक्कामाची नको. विष्णुपुरीचं पाणी सगळं नांदेड पितं, आपली मेससुद्धा. चोवीस माणसं रात्रभर बोटीवर राहिली तर चोवीस माणसांचं संडास-बाथरूम, स्वयंपाकघराचं खरकटं, डिझेल. गंगा विलासवर सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा आहे, कारण तिचं तिकीट तसं आहे. आमच्या बोटीच्या तिकिटात ती बसत नाही, मी हिशोब करून बघितलाय. तेव्हा दिवसाची, बॅटरीवर चालणारी, वीस-पंचवीस जणांची बोट. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाणी ठरवलेल्या खुणेच्या खाली गेलं की त्या दिवशीच बंद, मग बुकिंग असो की मंत्री असोत. मुक्काम काठावर. आणि चालवायला नदी माहीत असलेली माणसं. कच्चुलूरूला कुणी वाचवलं ते आठवा. सध्या गोदावरीत रात्रभर मुक्काम करणारी एकच बोट आहे, वाळू उपसणारी. तिच्या जागी ही आलेली मला चालेल.

एक आणखी बोलायचं राहिलं. क्रूझ, क्रूझ म्हणताना आपण पर्यटकाचाच विचार करतो. पण आपल्या जिल्ह्यांत पावसाळ्यात रोज नदी, ओढा ओलांडणारी पोरं आहेत, थर्माकोलच्या तराफ्यावर दप्तर डोक्यावर धरून. दरवर्षी पेपरात फोटो येतो, दरवर्षी आपण शेअर करतो. त्यांच्यासाठी दहा लाइफ जॅकेट आणि एक धड होडी हा प्रोजेक्ट आम्हा चौघींपैकी कुणालाच का सुचला नाही? चाक फिरत नाही म्हणून?

अण्णा लहानपणी मांजरेच्या पुरात काहिलीतून पलीकडे जायचे. गुऱ्हाळातली गूळ आटवायची लोखंडी काहील. हंगाम संपला की ती रिकामी, मग पावसाळ्यात तीच नाव. चार माणसं बसवायची, दोन पोहणाऱ्यांनी कडा धरून ढकलायची. अण्णा तसेच परीक्षेला गेलेत, आणि आमची पणजी माहेरी. ती काहील अजून वाड्यात पडून आहे. ऊस आमचा अजून आहे, आणि त्याला पाणी किती लागतं यावर मी पप्पांशी भांडते, पण माझी फी त्याच उसातून भरली जाते हेही इथे लिहून ठेवते. २०१६ च्या उन्हाळ्यात त्या काहिलीत गावाकडे टँकरचं पाणी भरून ठेवायचे. पोरांनी हात घालू नये म्हणून वर पत्रा झाकलेला, पत्र्यावर दगड.

या दिवाळीत मी टेप घेऊन तिचं माप घेतलं. व्यास सात फूट. काहील आणि चार माणसं मिळून वजन साधारण चारशे किलो धरलं. आर्किमिडीजने उत्तर दिलं, ड्राफ्ट अकरा-बारा सेंटिमीटर. तळ गोलट आहे, थोडं जास्त धरा. अण्णांना सांगितलं, तर त्यांनी बोटं पसरून हवेत अर्धी वीत दाखवली आणि म्हणाले, "येवढीच बुडायची. त्ये तर आमाला ठावंच हाय."